उदबत्ती घरीच ठेवा, आज्जी

गेल्या रविवारी बेळगावात वडगावला आत्याकडे गेलो होतो. तिच्या भिशीतल्या अकरा जणी आणि त्यांतल्या सात जणींचे यजमान दिवाळी झाली की मुंबईहून क्रूझवर निघालेत. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, कोची असा फेरा. पैसे भरून झालेत, गणपत गल्लीतून बॅगा आणून झाल्यात, पण जहाजावर वागायचं कसं हे कुणालाच ठाऊक नाही. आत्या म्हणाली, "अकरा वर्षं काढलीस की तू जहाजावर. बस आणि सांग आम्हाला." सोप्यात बसून दोन तास बोललो. खानापूरला परत येताना पिरनवाडी ओलांडली आणि लक्षात आलं, निम्मं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून लिहायला बसलोय. आत्यासाठी, आणि तिच्यासारख्या पहिल्यांदा निघालेल्या आपल्याकडच्या सगळ्यांसाठी.

मी 2009 ते 2020 परदेशी जहाजांवर केबिन स्टुअर्ड होतो. म्हणजे तुमची खोली आवरणारा, चादर बदलणारा, टॉवेलचा हत्ती करून पलंगावर ठेवणारा माणूस. आता जांबोटी रस्त्याला माझं छोटं होमस्टे आहे. जहाज सुटलं, पण एक आज्जी मनातून जात नाही.

2016 चा उन्हाळा. जहाज बार्सिलोनाहून निघालेलं. आठव्या डेकच्या बोळात टॉवेलची चळत घेऊन उभा होतो, तेवढ्यात एका उघड्या दारातून आवाज आला, "अगं बाई, हितं खिडकीच न्हाई की!" तो 'की' ऐकला आणि माझे पाय जागीच थांबले. आठ महिन्यांत तसा 'की' कानावर पडला नव्हता. आत गेलो. नऊवारीतली, सत्तरीच्या पुढची आज्जी भिंत चाचपून बघत होती.

"आज्जी, कुठल्या तुम्ही?"

"निपाणीची. आणि तू रं?"

"खानापूरचा."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि बोटं मोडली. तिचा मुलगा पुण्यात नोकरीला, त्यानं हौसेनं आईला आणलं होतं.

चौथ्या दिवशी संकष्टी होती. मुलगा-सून वर नाश्त्याला गेलेले. आज्जीनं अंघोळ केली, बाथरूममधला काचेचा ग्लास घेतला, त्यात साखरेच्या पुड्या ओतून उदबत्ती खोचली आणि पेटवली. छताला धूर ओळखणारं यंत्र असतं, त्याची सूचना थेट वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत जाते, आपल्या खोलीच्या नंबरासकट. काही मिनिटांत दोघे जण पाठीला सिलिंडर, डोक्याला हेल्मेट अशा आगीच्या पोशाखात दारात हजर. मी पळत पोचलो तेव्हा आज्जी पदराचं टोक मुठीत धरून कोपऱ्यात उभी होती. उदबत्ती निम्मी जळली होती, राख वाकून अजून तशीच लटकत होती. मी ग्लास उचलून नळाखाली धरला. सुपरवायझर विचारत होता, मी मराठीत सांगत होतो, आज्जीचं उत्तर इंग्रजीत करत होतो.

"देवाला दाखवली रं फक्त. मला कुणी सांगितलंच न्हाई."

कुणी ओरडलं नाही तिच्यावर. उदबत्तीचा पुडा तेवढा घेतला आणि पावती दिली. पण आज्जी दिवसभर खोलीबाहेर आली नाही. उपास होता, आणि बिनखिडकीच्या खोलीत चंद्रोदय कसा बघायचा हीही चिंता. रात्री मुलगा तिला वरच्या उघड्या डेकवर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "पाण्यातनं वर आला रं चंद्र. ताटाएवढा."

ती चुकली नव्हती. तिला सांगायचं काम कुणीतरी करायला हवं होतं, ते झालं नाही. आपल्या माणसांबद्दल बाकीच्या स्टुअर्डांकडून मी जे जे ऐकलं, त्यातलं बहुतेक असंच होतं. उर्मटपणा थोडा, न सांगितलेलं जास्त.

तर आधी आगीचं. लोकांना वाटतं जहाजावर भीती पाण्याची. काम करणाऱ्यांना भीती आगीची असते, कारण पळून जायला अंगण नाही. 2006 साली मार्चमध्ये जमैकाजवळ स्टार प्रिन्सेस नावाच्या जहाजाच्या बाल्कन्या पेटल्या होत्या. बहुधा कुणीतरी न विझवता टाकलेल्या सिगारेटमुळे पेटल्या, असा चौकशीचा निष्कर्ष होता. एका प्रवाशाचा जीव गेला. म्हणून इस्त्री, पाणी तापवायची कांडी, किटली, इंडक्शन, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, कापूर, उदबत्ती यांतलं काहीच बॅगेत नको. चढताना बॅगा यंत्रातून जातात, सापडलं की काढून घेतात आणि उतरताना परत देतात. देवासाठी एक फोटो न्या, बॅटरीवरचा दिवा न्या. बिनखिडकीच्या खोलीत दिवा मालवला की हात दिसत नाही इतका अंधार होतो, त्यामुळे तोच दिवा रात्री बाथरूमला जायलाही उपयोगी पडतो. बाथरूमच्या दाराला उंच उंबरा असतो. पहिल्या रात्री त्याला अंगठा आपटून घेतलेली कितीतरी माणसं मी बघितलीत.

दुसरी गोष्ट मस्टर ड्रिलची, म्हणजे धोक्याच्या वेळी एका जागी जमायच्या सरावाची. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही. जहाज सुटायच्या आत प्रत्येकाला आपली जमायची जागा बघून यावी लागते. ती जागा खोलीच्या कार्डावर आणि दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेली असते. आपली मंडळी त्या वेळी चहाभज्यांच्या रांगेत असतात. "तुम्ही जाऊन या, आम्ही बघितल्यासारखंच आहे." 13 जानेवारी 2012 ला इटलीत जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकाला घासून कलंडली, 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालेलंच नव्हतं. तेव्हाच्या नियमात 24 तासांची सवलत होती. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला. आता जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटता क्षणीच ड्रिल व्हावं लागतं. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो वाजला की लिफ्टकडे जायचं नाही, जिन्यानं जायचं. पायात चप्पल-बूट, अंगात गरम कपडे, रोजच्या गोळ्या खिशात. बॅग नाही, पर्सही नाही. आत्याच्या मैत्रिणींतल्या दोघींचे गुडघे दुखतात, त्यांना सांगितलंय, तिकीट काढलंय तिथं आत्ताच कळवा आणि चढल्यावर काउंटरवर पुन्हा सांगा. जिन्यावर मदत लागणाऱ्यांची यादी जहाजावर ठेवलेली असते.

रेलिंगवर चढून फोटो नको. कुणी पाण्यात पडलंच तर जवळची गोल रिंग फेका, जोरात ओरडा आणि पडलेल्या माणसाकडे बोट दाखवत राहा. नजर हलवायची नाही. लाटांत डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडवणं फार अवघड असतं.

आता निघायच्या आधीचं. भारतातल्या भारतात फिरणाऱ्या जहाजाला पासपोर्ट लागत नाही, सरकारी फोटो ओळखपत्र पुरतं. पण आपल्याकडची एक अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही. आपली आधार कार्डं कर्नाटकात झालेली. कन्नडच्या वळणानं इंग्रजी लिहिताना 'त'ला टी-एच घालतात. शाळेच्या दाखल्यावरची सविता आधारवर टी-एच घालून सविथासारखी दिसते, आणि पुण्यातला भाचा तिकीट काढताना नुसता टी टाकतो. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. भिशीतल्या तिघींची नावं रविवारी अशीच निघाली, लगेच फोन करून दुरुस्त करायला लावली. लक्षद्वीपला उतरायला प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार, हेही आधीच विचारून घ्या.

आणि आदल्या दिवशी मुंबईत पोचा. रात्रीच्या बसनं सकाळी उतरून थेट बंदरावर जाऊ, असा बेत करू नका. बेळगाव ते मुंबई जवळजवळ पाचशे किलोमीटर, मध्ये रस्ता रुंदीकरणाची कामं, घाट, आणि शेवटी मुंबईची गर्दी. गोव्याहून चढणार असाल तर मुरगाव बंदर आपल्याला जवळ, पण चोर्ला घाटात एखादा ट्रक आडवा झाला की तीन तास गेले. एसटी चुकली तर पुढची मिळते. जहाज दोन माणसांसाठी थांबत नाही, कारण उशीर झाला की पुढच्या बंदरातली जागा, पाण्याखालच्या खडकांतून वाट दाखवणारा पायलट, सगळ्यांचं वेळापत्रक बिघडतं.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि संध्याकाळपर्यंत खोलीशी आणून ठेवतात. म्हणून गोळ्या, चष्मा, कागदपत्रं, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत हवेत. परतीच्या आदल्या रात्री उलटं होतं. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या असतात. एक काका सगळे कपडे भरून बॅग बाहेर ठेवून निजले आणि सकाळी अंगावर फक्त लुंगी-बनियन. मी तळाशी जाऊन त्यांची बॅग हुडकून आणली, पण दीड हजार बॅगांतून एक हुडकायला तास गेला, आणि ते बिचारे तेवढा वेळ दार लावून बसून राहिले.

मोबाइल चढल्यावर लगेच विमान मोडवर टाका. किनारा सुटला की फोन जहाजावरच्या उपग्रहाच्या टॉवरला लागतो आणि त्याचं बिल गावाकडच्या रिचार्जसारखं नसतं. जहाज लागण्याचा त्रास असेल तर खोली मधल्या भागात, खालच्या डेकवर मागा, तिथं हलणं कमी. उपाशी राहू नका. आलेपाकाची वडी तोंडात धरा, बाहेर जाऊन दूर पाणी-आभाळ मिळतं त्या रेषेकडे बघत बसा. बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर उलटीची गोळी स्वतःच्या मनानं घेऊ नका, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

संडासाबद्दल लाज न धरता लिहितो, कारण माझ्या नोकरीतला मोठा वेळ यात गेलाय. जहाजाचा संडास पाण्याच्या लोंढ्यानं वाहत नाही, हवेच्या ओढीनं ओढला जातो. नळ्या बारीक असतात. त्यात ओला रुमाल, पॅड, सुपारीची पुडी, उरलेलं जेवण, काहीही गेलं की फक्त तुमचा नाही, त्या ओळीतल्या सगळ्या खोल्यांचा संडास बंद पडतो. झाकण लावून मगच बटण दाबा. परदेशी जहाजावर पाण्याचा फवारा बहुतेक नसतोच, एक छोटा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. पण पाणी बेतानं. निचरा फक्त शॉवरच्या भागात असतो, बाकीच्या जमिनीवर साचलेलं पाणी उंबऱ्यावरून गालिच्यात जातं.

जेवणघराच्या दाराशी एक पोरगा हसत, गाणं म्हणत तुम्हाला हात धुवायला सांगेल. त्याला टाळून पुढं जाऊ नका. नोरोव्हायरस नावाचा पोटाचा रोग जहाजावर वणव्यासारखा पसरतो, आणि हातावर चोळायच्या जेलनं तो नीट मरत नाही. साबण आणि वाहतं पाणीच लागतं. उलटी-जुलाब झाले तर लपवू नका. खोलीत बसवून ठेवतील या भीतीनं लोक गप्प राहतात, आणि दोन दिवसांत शेजारची लहान पोरं पडतात. बफेमध्ये चिमट्यानंच वाढून घ्या, पुन्हा घ्यायला जाताना नवी ताटली घ्या. घरी आपण ताटात अन्न टाकत नाही, इथंही टाकू नका. थोडं घ्या, संपवा, परत जा, कुणी मोजत नाही. आणि हातानं जेवायला अजिबात लाजू नका. काट्याचमच्याशी झगडत अर्धपोटी उठलेले आपले लोक बघून मला फार वाईट वाटायचं. एखाद्या रात्री नटून या असं सांगतात, तेव्हा सरळ इरकल नेसा. त्या जेवणघरात तिच्याइतकं देखणं काही नसतं.

भिंती पोलादी आणि पातळ. बोळात उभं राहून मोठ्यानं मारलेली हाक दहा खोल्यांत ऐकू जाते. भेंड्या खेळायच्या तर वर डेकवर खेळा, रात्री अकरानंतर बोळात नको. बाल्कनी असेल तर तिचं दार आणि खोलीचं दार एकाच वेळी उघडं ठेवू नका. वारा घुसतो आणि दार असं आपटतं की बोट मध्ये सापडलं तर हाड राहत नाही. पोहण्याच्या तलावाशी खुर्चीवर टॉवेल टाकून नाश्त्याला जाऊ नका. लग्नाच्या पंगतीत रुमाल टाकून जागा धरतो तसं हे इथं चालत नाही, आणि त्यावरून झालेली भांडणं शेवटी आमच्यासारख्यांना सोडवावी लागायची.

कोल्हापूरकडं जाताना हिरण्यकेशी आली, दूधगंगा आली की आपला हात खिशाकडं जातो आणि खिडकीतून नाणं पाण्यात पडतं. माझी आईही टाकते. जहाजावरून मात्र काहीच टाकायचं नाही. नारळ, फुलं, निर्माल्य, काहीच नाही. प्लास्टिक समुद्रात टाकायला 1988 च्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय कायद्यानं पूर्ण बंदी आहे. शिवाय वरून टाकलेली वस्तू वाऱ्यानं खालच्या बाल्कनीत परत येते. हात जोडा, पुरतं.

लक्षद्वीपला जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीनं बेटावर नेतात. बोटीत उतरताना खलाशाचा पंजा धरू नका. त्याचं मनगट तुमच्या हातात आणि तुमचं त्याच्या हातात, अशी पकड घ्या. घाम आला तरी ती सुटत नाही. तो थांबा म्हणाला की लाट जाईपर्यंत थांबायचं. समुद्र खवळलेला असेल तर कॅप्टन बेट रद्द करतो. पैसे भरलेत म्हणून काउंटरवर भांडू नका, तो निर्णय तुमच्या जिवासाठी असतो. बेटावरचं प्रवाळ, मेलेला तुकडासुद्धा, पिशवीत घालू नका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि परत यायची वेळ जहाजाच्या घड्याळानं बघा. परदेशात बंदरावरची आणि जहाजावरची वेळ वेगळी असू शकते.

आता ज्यांच्यासाठी माझा जीव तुटतो त्यांच्याबद्दल. एका वेळी माझ्याकडे 18 खोल्या असायच्या, दिवसातून दोनदा आवरायच्या. आठ-आठ महिन्यांचा करार, त्यात आठवड्याची सुट्टी नाही. दिवसातून निदान 10 तास विश्रांती मिळावी असा कायदा आहे, पण ती तुकड्यांत मिळते. अकरापैकी नऊ गणपती मी समुद्रात काढले. मोरयाचा गजर फोनवर ऐकायचो, तोही बंदर असेल तर. तुमच्यासमोर हसणारा प्रत्येक माणूस असाच कुणाच्या तरी घरून आलेला असतो. त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश लिहिलेला असतो. ते वाचा, नावानं हाक मारा. "शुक शुक" नको, चुटकी नको. परदेशी जहाजांवर माणशी रोज साधारण 15 ते 20 डॉलर सेवेचे म्हणून बिलात धरतात. शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन ते काढून टाकायला लावणारे लोक असतात, आणि त्यांत आपलेही असतात. ते पैसे आमच्या घरी जातात. माझ्या बहिणीचं लग्न त्या पैशांतून झालं. खोलीबद्दल तक्रार असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच सांगा, आम्ही पळत येऊन दुरुस्त करतो. सेवा आवडली तर शेवटी मिळणाऱ्या कागदावर स्टुअर्डचं नाव लिहा. पुढचा करार ठरताना ते वाचलं जातं.

निपाणीची आज्जी उतरली त्या सकाळी मी तिची खोली आवरायला गेलो. चादरी तिनं स्वतःच घडी करून ठेवल्या होत्या. उशीवर गोकाकच्या करदंटाचं न फोडलेलं पाकीट होतं, आणि त्याखाली कागदावर, थरथरत्या अक्षरात, 'खानापूरच्या पोराला'. रात्री खाली आमच्या मेसमध्ये आम्ही पाच जणांनी ते वाटून खाल्लं. एक केरळचा, एक गोव्याचा, दोघे फिलिपाइन्सचे. डिंक आणि खोबरं बघून फिलिपिनो पोरं विचारत होती, हे कशाचं करतात.

काल रात्री आत्याचा फोन आला. विचारत होती, घरचे लाडू नेले तर चालतील का. घरचं उघडं खाणं चढताना बहुतेक अडवतात, आत्या. दुकानातलं सीलबंद घे. करदंट चालतो.